फुले सारखी, खूण देठावर

हिंगोलीहून नांदेडकडे निघाले की वाटेत कळमनुरी लागते. पावसाळा सरत आला की इथल्या रस्त्यांच्या कडा, मुरमाड माळ आणि पडीक रानांचे बांध पिवळे होतात. जवळ जाऊन पाहिले तरी फूल तेच वाटते: पाच पिवळ्या पाकळ्या, मधे लहानमोठे पुंकेसर, खाली जोडीजोडीने मांडलेल्या पर्णिका. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या या पिवळ्या रंगात अनेक वनस्पती मिसळलेल्या असतात. त्यांतल्या एकीची भाजी होते, एकीच्या सालीने कातडी कमावली जाई, एक अमेरिकेतून आलेली आहे आणि एकीच्या शेंगा लहान मुलांच्या जिवावर उठू शकतात.

ही सारी भावंडे ‘सेना’ या प्रजातीतली. पूर्वी त्यांना बाहव्याबरोबर ‘कॅसिया’ या एकाच मोठ्या प्रजातीत ठेवत. आयर्विन आणि बार्नेबी या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ साली तिची फेरमांडणी केली. तेव्हापासून बाहवा कॅसियातच राहिला आणि तरवड, तरोटा, कसोंदी यांचे घर वेगळे झाले.

फुले इतकी सारखी दिसण्यामागे मधमाशीशी झालेला एकच व्यवहार आहे. या फुलांत मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांमागे बंद. भुंग्यासारखी माशी फुलाला धरून अंग थरथरवते, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसा पराग बाहेर पडतो. आखूड पुंकेसरांचा पराग माशीच्या पोटात जातो. लांब पुंकेसरांचा तिच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर पोहोचतो. काही फुलांत स्त्रीकेसर डावीकडे वळलेला असतो, काहींत उजवीकडे, जणू आरशातले प्रतिबिंब. ही रचना थोड्याफार फरकाने सगळ्या भावंडांत आढळते, म्हणून नुसत्या फुलावरून ओळखायला गेलेला माणूस फसतो.

खरी खूण पानाच्या देठावर असते. देठावर किंवा पर्णिकांच्या जोडीमध्ये टाचणीच्या टोकाएवढी गाठ दिसते. ही मधुग्रंथी. फुलात नसलेला गोड रस इथे पाझरतो आणि त्यावर मुंग्या येतात. मुंग्यांचा वावर असला की पाने कुरतडणाऱ्या किड्यांना धाक बसतो. झाडाने राखणदाराला दिलेली ही मजुरीच म्हणायची. कोणत्या झाडाने ती कुठे ठेवली आहे, हे पाहिले की ओळख पटू लागते.

ज्याच्या सालीने कातडी कमावत तो तरवड सर्वांत सोपा. हे माणसाच्या कमरे-छातीएवढे झुडूप असते. त्याची फुले मोठी असतात, पानात आठ ते बारा जोड्या असतात आणि जवळजवळ प्रत्येक जोडीत एक ग्रंथी असते. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे असतात. शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलाटा’ हा शब्द त्या कानावरूनच आला. शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ असते. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणात त्याच दिवसांत बतुकम्मा सणाची फुलांची रास रचताना हेच फूल लागते. तिथे त्याला तंगेडू म्हणतात आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे.

तरोटा, म्हणजेच टाकळा, गुडघा-कमरेएवढा वाढतो. त्याच्या पानात गोलसर टोकाच्या तीनच जोड्या असतात. संध्याकाळ झाली की पर्णिका मिटतात. शेंग लांब, बारीक आणि काहीशी वाकलेली असते. इथे मात्र अभ्यासकांचीही कसोटी लागते, कारण ‘टोरा’ आणि ‘ऑब्ट्युसिफोलिया’ या दोन जाती हुबेहूब दिसतात. लिनियसने १७५३ साली दोन्हींना वेगळी नावे दिली, तरी पुढे त्यांची सरमिसळ होतच राहिली. टोरामध्ये खालच्या दोन जोड्यांत ग्रंथी असतात, ऑब्ट्युसिफोलियात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. शंका उरलीच तर बी पाहावे. बियांच्या बाजूवर एक फिकट पट्टा असतो. टोराचा पट्टा रुंद असतो, दुसरीचा रेघेसारखा अरुंद.

कसोंदीच्या बाबतीत चूक महागात पडते. हिच्या पानात चार ते सहा जोड्या असतात आणि पर्णिकांची टोके अणकुचीदार असतात. ग्रंथी एकच, तीही देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ. पान चुरगळले की उग्र वास येतो. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा संपून थंडी पडण्याच्या सुमारास दरवर्षी लहान मुले दगावत. तो विषाणूचा मेंदूज्वर समजला जाई. डॉ. विपिन वशिष्ठ आणि डॉ. टी. जेकब जॉन यांच्या अभ्यासातून २००७च्या सुमारास उलगडा झाला की मुलांनी खाल्लेल्या कसोंदीच्या शेंगा-बियांचे विष यकृत, स्नायू आणि मेंदूवर चढत होते. ओडिशातल्या मलकानगिरीत २०१६ साली झालेल्या बालमृत्यूंच्या तपासातही याच वनस्पतीकडे बोट दाखवले गेले.

पाचवी ‘युनिफ्लोरा’ ही मध्य अमेरिकेकडची पाहुणी. ती बुटकी असून अंगावर तांबूस लव असते. शेंगा आखूड आणि सरळ असतात, आणि प्रत्येक बीनंतर दबलेल्या. ती दाटीने वाढून गाजर गवताला हटवते, म्हणून कर्नाटकात तिचे बी मुद्दाम पेरले गेले. एक तण काढायला दुसरे तण आणण्याचा तो प्रयोग होता.

नुसत्या फुलावर विसंबू नये, हा धडा साताऱ्याजवळच्या कास पठारावरही मिळतो. तिथल्या पिवळ्या कवल्याच्या जाती एकमेकींसारख्याच दिसतात आणि अभ्यासक पर्णिका, लव, फुलामागचे हिरवे आवरण यांवरून त्या वेगळ्या करतात.

कळमनुरीच्या रानात ही विद्या पुस्तकाआधीची आहे. तरोट्याची भाजी पहिल्या पावसानंतर, कोवळ्या पानांची करतात. तेव्हा झाडावर एकही फूल नसते. भाजी खुडणारी बाई गोल टोकाच्या तीन जोड्या पाहते, टोकदार पानाला हात लावत नाही आणि पुढे सरकते. पिवळा रंग येईपर्यंत तिची ओळख केव्हाच पटलेली असते.