दाराला कुलूप लागले की…

बदलापूरकरांच्या घरातले घड्याळ भिंतीवर असले तरी ते चालते स्टेशनच्या वेळेने. येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस दिवेलागणीनंतरच घरी परततो. दिवसभर घराला कुलूप. अशा घरात गेल्या वर्षी श्रावणात, मुलीच्या हट्टाने, आमचा मोत्या आला. जात गावठी, वय वर्षाच्या आतबाहेर.

पहिले चार दिवस सुट्टीचे, म्हणून सुखाचे गेले. मग सोमवार उजाडला. संध्याकाळी येऊन पाहतो तो दाराची चौकट ओरबाडलेली, एका चपलेचा अंगठा नाहीसा झालेला आणि शेजारच्या आजी दारात उभ्या. “अहो, दिवसभर नुसते रडत होते हो लेकरू!” सोसायटीच्या चिटणिसांनीही सौम्य शब्दांत समज दिली. आमची मंडळी आणि मी यांचे एकमत झाले (असा योग क्वचितच येतो!) की, याला परत देऊन टाकावे. मुलगी काही बोलली नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली. तेव्हा शेवटचा उपाय म्हणून पशुवैद्यांकडे गेलो.

ते म्हणाले, “हा खोडकर नाही, भ्यालेला आहे. तुम्ही परत येता, हे अजून त्याला ठाऊक कुठे आहे?”

कंटाळलेले कुत्रे फावल्या वेळात वस्तू कुरतडते. भ्यालेले कुत्रे बहुधा माणूस गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच दाराशी झुंजते, केकाटते, लाळ गाळते. मोबाईल घरात ठेवून चित्रण केले की फरक कळतो. आम्हाला कळला, आणि ते पाहवले नाही.

“पण त्याचा चेहरा अपराधी दिसतो हो!” असे मी म्हटले. त्यावर उत्तर मिळाले की, अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कुत्र्याने चूक केलेली असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा दिसला. म्हणजे ती कबुली नव्हे, आपल्या रागाला दिलेले उत्तर. मारल्याने भीती वाढते, चौकट वाचत नाही.

मग उपाय सुरू झाले. किल्ल्या वाजवायच्या आणि पुन्हा खुर्चीत बसून पेपर वाचायचा. चपला घालायच्या आणि स्वयंपाकघरात जायचे. किल्ली म्हणजे वियोग, ही गाठ अशी सुटते. नंतर दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन, पाच, दहा मिनिटे. तो घाबरण्याआधी परतायचे. घाबरलाच तर पुढल्या वेळी वेळ कमी करायची. जाताना गळाभेट नाही, येताना सोहळा नाही. सकाळी चांगले फिरवून आणायचे आणि निघताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून द्यायचा. चाटता चाटता त्याचे दाराकडे लक्ष राहत नाही.

खरी अडचण निराळीच होती. सराव चालू असताना त्याला दिवसभर एकटे ठेवायचे नव्हते, आणि रजा किती घेणार? ती अडचण सोडवली तक्रार घेऊन आलेल्या आजींनीच. “माझ्याकडे राहू दे, मलाही सोबत होईल,” असे त्या म्हणाल्या. काही कुत्र्यांना याखेरीज औषधही लागते. ते पशुवैद्यांनीच द्यावे.

दिवाळीत मात्र दुप्पट जपावे. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. फटाक्यांच्या संध्याकाळी त्याला एकटे सोडू नये, खिडक्या लावाव्यात, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा. बेदाणे, चॉकलेट आणि कांदा त्याला विषासारखे. म्हणून फराळाचे ताट उंचावर ठेवावे. आणि नाद सोडून त्याला रस्त्यावर सोडण्याचा विचार आलाच, तर प्राण्याला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे आठवावे. त्याच कायद्यात कोंडून वा बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याकडे सतत दुर्लक्ष करणे हाही गुन्हाच आहे.

आम्हाला सुमारे तीन महिने लागले. आज मोत्या सकाळचे काही तास एकटा राहतो. दुपारी आजी कुलूप काढून त्याला आपल्याकडे नेतात. पूर्ण दिवस त्याला अजून झेपत नाही, आणि झेपावा असा आमचा आग्रहही नाही. चौकटीवरचे ओरखडे तसेच आहेत. यंदा दिवाळीला घराला रंग काढला, तेव्हा मुलीने तेवढा भाग रंगाऱ्याला सोडायला सांगितला. आम्हीही हरकत घेतली नाही.