यंत्राचे दाते का झिजतात?

बोरगाव, सौसर, पांढुर्णा या आपल्या भागात कापूस संपला की पऱ्हाटीच्या वावरात रोटाव्हेटर उतरतो. ट्रॅक्टरची ताकद मातीपर्यंत पोचते ती गिअरबॉक्समधल्या दात्यांतून. ऐन पेरणीच्या तोंडी हे दाते दगा देतात तेव्हा हंगामच अडतो. म्हणून त्यांच्या झिजेविषयी आम्ही दोन शब्द लिहीत आहोत.

दाता मोडला तर लगेच कळते. पुष्कळदा मात्र दाता शाबूत असतो, पण त्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. असे का व्हावे? दोन दाते एकमेकांना टेकतात ते एका बारीक रेषेवर. सारा भार त्या रेषेवर येतो. लाखो फेऱ्यांनंतर पोलाद थकते, त्याला चीर जाते व टवका उडतो. हा दाब मोजण्याची रीत जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी १८८१-८२ साली दाखविली.

म्हणून यंत्र आखताना दोन हिशेब करतात: एक दाता मोडण्याचा, दुसरा त्याचा पृष्ठभाग झिजण्याचा. पोलाद जेवढा दाब सोसेल त्याला प्रत्यक्ष दाबाने भागले की सुरक्षा गुणक मिळतो. भार दुप्पट झाला तरी रेषेवरचा दाब सुमारे १.४१ पटच होतो. त्यामुळे दाबाचा गुणक १.२ असेल, तर भार १.४४ पटीपर्यंत चालतो. आता ४५ अश्वशक्तीसाठी केलेल्या अशा गिअरबॉक्सला ६५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जोडून, फेरे तेच ठेवून, पूर्ण जोर लावला तर भार सुमारे १.४४ पट होतो. राखीव ताकद तिथेच संपली. पुढे धोंडा लागला तर हाती काही उरत नाही.

शिवाय हा हिशेब स्वच्छ, योग्य तेल धरून केलेला असतो. सील फाटून माती आत गेली की गुणक कागदावरच राहतो.

तेव्हा एवढे करावे. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या ताकदीला जुळणारा घ्यावा. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वेळेवर बदलावे, आणि काढलेल्या तेलात लोहचुंबक फिरवून पाहावे. चकचकीत टवके निघाले तर मिस्त्रीला दाखवावे. नव्या दात्यांवरचे थोडे खड्डे वाढले नाहीत तर चिंता नको. वाढत गेले तर दोन्ही चक्रे जोडीनेच बदलावीत, कारण जुना दाता नव्याला खातो. आणि इंजिन बंद केल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. दाता नवा मिळतो, बोट मिळत नाही.