एक प्रोग्राम, अनेक प्रोसेसर

राजूरच्या बाजारपेठेत खिशातला मोबाइल चालतो बहुधा एआरएम प्रोसेसरवर आणि दुकानातला संगणक इंटेल किंवा एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरवर. दोघांचा आज्ञासंच वेगळा, म्हणून एकासाठी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्यावर थेट चालत नाही. मूळ कोड एकच ठेवून कंपायलरने प्रत्येकासाठी स्वतंत्र बांधणी करावी लागते.

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या महासंगणकांत प्रोसेसरचा बदल ठळक दिसतो. १९९१चा परम ८००० ट्रान्सप्युटरवर उभा होता, परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म आयबीएमच्या पॉवर४वर आणि परम युवा इंटेलच्या झिऑनवर. प्रोसेसर बदलला की प्रोग्रामची नवी बांधणी आलीच. मला यात मोलाचा वाटतो तो जपून ठेवलेला मूळ कोड. तो हरवला तर नव्या यंत्रासाठी बांधायचे काय?

डेबियन ही मुक्त संगणक प्रणाली निरनिराळ्या प्रोसेसर-प्रकारांसाठी वेगळी पॅकेजेस देते. २०२५च्या आवृत्तीत रिस्क-व्ही या आज्ञासंचालाही अधिकृत स्थान मिळाले. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर योग्य बांधणी स्वतः निवडते. संगणकावर मात्र ही निवड अनेकदा आपल्यालाच करावी लागते. तेव्हा डाउनलोड करण्याआधी सेटिंग्जमध्ये प्रोसेसरचा प्रकार जरूर पाहा.