लाडक्या श्वानाचे चित्र आणि चित्रकाराचा कुंचला

पेढीवर आणि दिवाणखान्यात वाडवडिलांच्या तसबिरी लावण्याची आपली रीत जुनी आहे. ज्या श्वानाने दहा-बारा वर्षे दाराशी बसून घरच्यांची वाट पाहिली, त्याचेही एखादे रंगचित्र असावे, अशी इच्छा पुष्कळ कुटुंबांत असते.

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १८४१ च्या नाताळला पती प्रिन्स अल्बर्ट यांना असेच एक चित्र भेट दिले. एडविन लँडसिअर यांनी काढलेल्या त्या चित्रात अल्बर्ट कोठेही नाहीत. त्यांची उंच टोपी, हातमोजे व काठी तेवढी आहे, आणि त्यांपाशी उभी आहे त्यांची ग्रेहाउंड कुत्री इऑस. धनी आता येईल, ही अपेक्षा तिच्या साऱ्या अंगात भरून राहिली आहे.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे जिवलग मित्र हेन्री गेल्डझालर १९९४ मध्ये निवर्तले. त्या दुःखाच्या काळात हॉकनी स्टॅन्ली आणि बूजी या आपल्या दोन आखूड पायांच्या डॅशहुंड कुत्र्यांची चित्रे काढू लागले. कुत्रे चित्रकारासमोर सांगून बसत नाही. म्हणून त्यांनी घरात जागोजागी कॅनव्हास व रंग मांडून ठेवले आणि चित्रफलक ठेंगणे घेतले, जेणेकरून आपली नजर त्यांच्या नजरेच्या पातळीवर यावी.

छायाचित्रावरून चित्र करवून घेतानाही हेच पथ्य पाळावे. जमिनीवर बसून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता छायाचित्र घ्यावे. दुमडलेला कान, नाकावरील ठिपका, मान कलती करण्याची ढब चित्रकाराला आवर्जून सांगावी. त्यांवाचून ते चित्र त्या जातीच्या कोणत्याही कुत्र्याचे ठरते.

आपल्या कुटुंबांनी मात्र आणखी एक प्रश्न विचारावा: हे चित्र कोणत्या साधनांनी काढले जाणार? अंगावरील बारीक केस रंगविण्यास निमुळता कुंचला लागतो, आणि असे कुंचले परंपरेने खार, मुंगूस यांसारख्या प्राण्यांच्या केसांचे असतात. केसांसाठी मुंगसे मारली जातात. म्हणूनच भारतात मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. ‘आयव्हरी ब्लॅक’ हा काळा रंग आज जनावरांची हाडे जाळून करतात. जलरंगाच्या कित्येक कागदांना जिलेटिनचे पाणी दिलेले असते. एका मुक्या जिवाची आठवण दुसऱ्या मुक्या जिवाच्या प्राणांवर उभी राहावी, हे आपल्याला रुचणार नाही.

पर्याय अवघड नाहीत. कृत्रिम तंतूंचे कुंचले, लोहापासून केलेला ‘मार्स ब्लॅक’ आणि ॲक्रिलिकचे अस्तर दिलेला कॅनव्हास बाजारात मिळतो. काम सोपविण्यापूर्वीच ही अट स्पष्ट सांगावी.

आणि चित्र करवून घ्यायचे ते सोबती दाराशी बसलेला असतानाच घ्यावे. इऑस १८४४ मध्ये गेली, तेव्हा तिचे चित्र अल्बर्ट यांच्यापाशी होते.