नवा कूलर बसवला, तरी कॉम्प्युटर तापतोच कसा?

घरातला कॉम्प्युटर आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, सरकारी अर्ज, दुकानाचा हिशोब, लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग, कितीतरी कामे त्यावर चालतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो कंपनीचा तयार नसतो. कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला असतो, तर कुणी जुना घेऊन त्यात हळूहळू भर घातलेली असते. असा कॉम्प्युटर तापू लागला, आवाज करू लागला, की कुणीतरी सल्ला देते, ‘कंपनीचा कूलर काढा आणि बाहेरचा मोठा बसवा.’ सल्ला चुकीचा नसतो. पण कधी कधी नवा कूलर बसवल्यावर कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा जास्त तापतो, मध्येच बंद पडतो. मग घरचे घाबरतात. दुकानात नेला तर ‘प्रोसेसर गेला’ असे ऐकायला मिळते आणि काही हजारांचा खर्च समोर उभा राहतो.

वाचकांना आमचे पहिले सांगणे हे, की घाई करू नका. कूलर बदलल्यावर लगेच ताप वाढला असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर निर्दोष असतो. दोष असतो तो जोडणीत. ती तपासायला स्क्रू-ड्रायव्हर, स्वच्छ कापड, थोडी थर्मल पेस्ट आणि एक तास एवढे पुरेसे आहे.

उष्णता बाहेर जाते कशी?

चपाती तव्यावर भाजताना आपण काय पाहतो? जिथे ती तव्याला टेकते तिथे भाजते, जिथे फुगून वर उचलली जाते तिथे कच्ची राहते. मध्ये हवेचा थर आला की उष्णता पुढे जात नाही. प्रोसेसर आणि कूलर यांचेही तसेच आहे. दोघांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांवर बारीक खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता हजारो पटींनी कमी वाहून नेते. ती हवा हटवून खळगे भरण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. पुढे कूलरच्या तांब्याच्या नळ्या उष्णता पातळ पात्यांपर्यंत नेतात, पंखा ती पात्यांवरून उडवतो आणि कॅबिनेटचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो. या साखळीतली एक कडी सैल असली, तरी महागडा कूलर कुचकामी ठरतो.

आधी आकडा बघा

हात लावून अंदाज करू नका. ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यू मॉनिटर’सारखे मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसरचे तापमान दाखवते. कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटे काही न करता ठेवा आणि आकडा लिहून घ्या. नंतर जड काम सुरू करा आणि आकडा कसा चढतो ते पाहा. किती चढला, याइतकेच किती वेगाने चढला हेही महत्त्वाचे आहे.

काम सुरू होताच काही सेकंदांत आकडा ९५-१०० अंशांना भिडला, तर उष्णता कूलरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे प्रोसेसर आणि कूलर नीट टेकलेले नाहीत. आकडा दहा-पंधरा मिनिटांत सावकाश चढत गेला, तर टेकणे ठीक असून हवा खेळत नाही, असे समजावे. ही एक खूण लक्षात ठेवली तरी अर्धा शोध संपतो.

कॉम्प्युटर आपोआप बंद पडला म्हणून प्रोसेसर जळाला असे होत नाही. ठरलेली मर्यादा आली, की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही ताप वाढला तर बंद होतो. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. हे बंद पडणे म्हणजे त्याचा बचाव आहे.

कूलर उतरवून बघा

टेकण्याचाच दोष दिसला, तर कूलर उतरवावा लागेल. कॉम्प्युटर पाच मिनिटे चालवा म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करून वायर भिंतीतून काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पंख्याची वायर काढून कूलर सैल करा, पण सरळ वर ओढू नका. आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. एएमडीच्या एएम ४ सॉकेटमध्ये चिकटलेला कूलर ओढला, तर प्रोसेसरही पिनांसकट उपटून येतो आणि खरे नुकसान तेव्हाच होते.

आता कूलरचा तळ पाहा. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म तर नाही ना? नव्या कूलरचा तळ खरचटू नये म्हणून ती लावलेली असते आणि ती बसवण्यापूर्वी काढायची असते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीकडे हेच झाले. ती थ्रीडी अॅनिमेशन शिकते. अम्मीच्या शिवणकामातून वाचवलेल्या पैशांत नवा कूलर आला, एका दुकानात बसवून घेतला, आणि त्या दिवसापासून काम सुरू केले की कॉम्प्युटर बंद. दुकानात सांगितले, ‘प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही बदला.’ कोर्सचे काम जमा करायला चार दिवस उरले होते. आम्ही तिला एवढेच म्हटले, “बेटा, पैसे देण्याआधी कूलर एकदा उतरवून बघ.” तिने उतरवला, तर पेस्ट आणि तांबे यांच्यामध्ये फिल्म तशीच होती. ती काढून नवी पेस्ट लावली आणि त्याच प्रोसेसरवर तिचे काम वेळेत पूर्ण झाले.

फिल्म नसेल तर पेस्टचा ठसा पाहा. मध्यभागी सगळीकडे सारखा पातळ थर असेल तर टेकणे बरोबर. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे जवळजवळ नाही, तर कूलर तिरका बसला होता. पेस्ट तशीच गोळा होऊन राहिली असेल, तर दाब पडलाच नाही.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्हीकडून पुसा. लहान वाटाण्याएवढा नवा थेंब मध्यभागी ठेवा. नव्या कूलरच्या तळाशी पेस्ट आधीच लावलेली असेल, तर वरून आणखी लावू नका. पेस्टच्या जागी टूथपेस्ट तर मुळीच नको. ती वाळली की आणखी अडथळा होतो. स्क्रू आवळताना एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले थोडे थोडे आवळा. चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांचा कूलर असेल, तर चारही खुंट्या बोर्डच्या मागे पूर्ण बाहेर आल्या आहेत का, ते पाहा. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो.

ब्रॅकेट याच सॉकेटचे आहे का?

जुना कूलर नव्या बोर्डवर बसवणाऱ्यांनी हे जरूर तपासावे. इंटेलच्या एलजीए ११५१ आणि १२०० या सॉकेटभोवतीची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर असतात. २०२१ मध्ये बाराव्या पिढीबरोबर आलेल्या एलजीए १७०० साठी ते अंतर ७८ मिलिमीटर झाले आणि प्रोसेसरची उंचीही कमी झाली. जुने ब्रॅकेट ओढूनताणून बसवले, तरी दाब कमी पडतो. अनेक कंपन्या १७०० साठी वेगळे ब्रॅकेट देतात. तेवढेच घेतले की नवा कूलर घ्यावा लागत नाही.

पंखा आणि हवा

पंख्याची वायर बोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच हवी. दुसरीकडे लावली, तर प्रोसेसर तापूनही पंखा वेग घेईलच असे नाही. दिशा पाहा. बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला आधाराच्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उभ्या कूलरमध्ये ही हवा पात्यांतून कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे गेली पाहिजे. पाण्याचा कूलर असेल, तर पंपाची वायर लागली आहे ना ते पाहा. पंप बंद असेल, तर काही काम नसतानाही तापमान चढतच राहते.

झाकण उघडून चालवल्यावर तापमान बरेच उतरले, तर दोष कॅबिनेटचा. जाळीवरची धूळ काढा, ते भिंतीला किंवा पडद्याला चिकटवून ठेवू नका. खोलीपेक्षा थंड करणे हवेच्या कूलरला शक्य नाही. हिवाळ्यात २८ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर, मराठवाडा-विदर्भातल्या मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत साधारण ८५ दाखवेल. तो बिघाड नव्हे.

कधी आकडाच सांगून जातो

खोक्यावर ‘६५ वॅट’ वाचून लहान कूलर घेतला असेल, तर हेही लक्षात घ्या. इंटेलचा कोअर आय ५-१२४०० मूळ ६५ वॅटचा असला, तरी जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो. बोर्डच्या बायोसमध्ये ही मर्यादा कमी करता येते. वेग थोडा घटतो, ताप बराच घटतो. उलट एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर पूर्ण जोरात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. तिथे आकडा पाहून घाबरायचे कारण नाही.

एवढे सगळे तपासूनही आकडा सेकंदांत शंभरीला जात असेल, तर खुशाल दुकानात जा. मात्र जाताना तपासलेल्या गोष्टी आणि आकडे कागदावर लिहून न्या. नवा भाग सुचवला, तर आधी दुसरा चालू कूलर लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आणि हे काम घरातल्या मुलामुलींच्या हातून करून घ्या. बिघाडाचे कारण आधी आणि खर्च नंतर, ही सवय त्यांना पुढे कॉम्प्युटरच्या बाहेरही उपयोगी पडेल.