सुबाभळीची सोयरीक

या रे पोरांनो, ओट्यावर सरकून बसा. चुलीवरची डाळ शिजेपर्यंत एक गोष्ट होईल. दसरा सरला, तुमचे आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर गेले, की आपल्या पाथर्डीच्या वस्त्यांवर उरतो कोण? आम्ही म्हातारे आणि तुम्ही.

ती बांधावरची सुबाभूळ बघा. वाळल्या शेंगा कशा खुळखुळतायत. आज तिला कुणी पुसत नाही, पण माझ्या तरुणपणी तिचा थाट औरच होता. 1972 चा दुष्काळ आमच्या डोळ्यांतून अजून गेला नव्हता. उरुळीकांचनचे मणिभाई देसाई, गांधीजींबरोबर 1946 साली तिथं आले ते तिथलेच झाले, आणि 1967 साली त्यांनी बायफ ही संस्था काढली. या बायफनं हवाई बेटांवरच्या निवडक सुबाभळीचं बी आणून गावोगाव पोचवलं. वाणाचं नाव के-8. सरसर वाढायची, तोडली की पुन्हा फुटायची. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून द्यायचे. पाल्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं. शेळीवाल्याला तर देवच पावला.

गाढवाला मात्र तो पाला घालू नका बरं का. त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. मढीच्या जत्रेत बोडकं गाढव कोण विकत घेणार?

हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. चारशे वर्षांपूर्वी स्पॅनिश गलबतांतून ते फिलिपिन्सला आलं आणि तिथून पसरत गेलं. पण गलबतातून बी येऊन येऊन येणार किती? त्यातून सुबाभळीचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. म्हणजे आईसारखी लेक, लेकीसारखी नात. अर्ध्या जगात सुबाभूळ दिसायची, पण सगळी एकाच रक्ताची. एकीला जे दुखणं झेपलं नाही, ते कुणालाच झेपणार नव्हतं.

आणि दुखणं आलं. तुडतुड्यांच्या भावकीतला एक पिवळसर हिरवा किडा, तिळापेक्षाही लहान, नाव सायलिड. मादी शेंड्याच्या न उलगडलेल्या कोवळ्या पानांत शेकडो अंडी घालते. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि रस शोषायला लागतात. शेंडा मान टाकतो, पानं गळतात, खाली चिकटा पडून त्यावर काळी बुरशी धरते. मायदेशी या किड्याला खाणारे पुष्कळ होते. 1983 साली तो फ्लोरिडात दिसला, 1984 ला हवाईत, मग एकेक बेट ओलांडत फिलिपिन्स, इंडोनेशिया, आणि 1988 साली तमिळनाडूत. पाच वर्षांत निम्मी पृथ्वी! वाऱ्यावर आला की विमानात बसून, ते त्यालाच ठाऊक.

त्याच वर्षी थायलंडहून निळसर काळा ढालकिडा बंगळूरला आणून सोडला. तो या पिल्लांवर ताव मारतो. पण ही झाली बाहेरची राखण. झाडाच्या अंगातच जोर यायचा तर रक्त बदलायला हवं होतं.

इथं हवाई विद्यापीठाचे जेम्स ब्रूबेकर गोष्टीत येतात. हा माणूस कित्येक वर्षं मेक्सिकोतून सुबाभळीच्या चुलत-मावस बहिणी गोळा करत होता. ऑक्सफर्डचे कॉलिन ह्यूझही तिकडच्या डोंगरांतून बिया वेचत होते. कुणी म्हणालं असेल, या कडवट पाल्याच्या, वेड्यावाकड्या झाडांचं काय लोणचं घालायचंय? पण किडा आला तेव्हा त्यांतल्याच एका फिकट गुलाबी गोंड्यांच्या बहिणीला, पॅलिडाला, तो फारसा चावलाच नाही.

मग एकाच यादीतल्या वाणांचं बी देशोदेशी पेरलं गेलं आणि सगळ्यांनी एकाच पट्टीनं गुण दिले. गुणपत्रिका तुमच्या शाळेच्या उलटी. एक गुण म्हणजे झाड निरोगी, नऊ म्हणजे पानं झडून खोड काळंठिक्कर. आता बघा, फिलिपिन्समधल्याचे चार गुण आणि भारतातल्याचे चार गुण सारखेच असले पाहिजेत, नाहीतर ताळा कसा लागणार? माझ्या मते या कामातला खरा कस तिथंच होता. 1989 साली आणि पुन्हा 1994 साली ही मंडळी इंडोनेशियातल्या बोगोर गावी एकत्र बसली.

त्यानंतर सोयरीक. मढीला घोडी आणि गाढवाच्या पोटचं खेचर बघितलंय ना? अंगानं दणकट, पण त्याला पिल्लू होत नाही. झाडांतही तसंच घडतं. सुबाभळीची गुणसूत्रं 104. एस्क्युलेंटा नावाच्या बहिणीची 52. दोघींच्या संकराला ना धड जोडी जुळते, ना बी धरतं. वांझ म्हणून नाकं मुरडू नका. सुबाभूळ रानात बेफाम माजते, जगातल्या शंभर उपद्रवी आगंतुकांत तिचं नाव आहे. बीच न धरणारं झाड कुंपणाबाहेर जात नाही. माझं मत विचाराल तर मला हे खेचरच जास्त आवडतं.

पॅलिडाची गुणसूत्रंही 104, म्हणून तिच्याशी लावलेलं लग्न फळलं. पण पाला सासरचा कडवट. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठानं तिथल्या पशुपालकांच्या संस्थेच्या पैशावर हा संकर पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा सुबाभळीशी जुळवला. दर पिढीत दोनच गोष्टी बघायच्या, किडा लागतो का आणि जनावर आवडीनं खातं का. त्यातून रेडलँड्स वाण निघाला.

काय म्हणालास बाळा, आपली बांधावरची कुठली? जुन्याच रक्ताची. तिला किडा लागतोच. पण पाथर्डीचं ऊन त्याला सोसत नाही, उन्हाळ्यात बेटा कमी होतो. आता थंडी पडतेय, आता तो असणार.

उद्या सकाळी माझं भिंग घेऊन जा. सगळ्यात कोवळा शेंडा हळूच उलगडा आणि एकापासून नऊपर्यंत तिला गुण द्या. प्रत्येकानं आपापले वेगळे लिहायचे, एकमेकांचं बघायचं नाही. मग ताळा करू.

जा, डाळ उतू चाललीय.