नाताळचं जेवण : लास्ट नाईटला होत नाही!

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझी दहावीपर्यंतची सगळी शाळा कॉन्व्हेंटची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण दहा वर्षं क्रिब सजवून आणि कॅरोल म्हणूनसुद्धा नाताळच्या जेवणाबद्दल मला एवढंच माहीत होतं की शेवटी केकचा एक तुकडा मिळतो. बाकीचं ज्ञान २०२४ च्या डिसेंबरात मिळालं. रूममेट मला गोव्याला, साष्टीतल्या आपल्या घरी घेऊन गेला तेव्हा.

२० तारखेला पोचलो. वाटलं, आता पाच दिवस नुसतं लोळायचं. पण फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. डावीकडे तारीख, उजवीकडे पदार्थ. आपण सीपीएमचं नेटवर्क काढतो ना, अगदी तसंच, फक्त उलट्या दिशेनं. २५ च्या दुपारच्या जेवणापासून मागे मागे येत. आणि २४ समोर लाल पेनानं : 'रात्री ९, किचन बंद.'

मी हसलो. रूममेट हसला नाही. त्यानं २०२३ चा फोटो दाखवला. त्याचे वडील बोटीवर असतात, तीन वर्षांनी नाताळला घरी आले होते. फोटोत भरलेलं टेबल, सगळे पाहुणे, अंकल. आंटी कुठेच नाहीत. सगळं जेवण २४-२५ ला करायला घेतलं होतं, त्यामुळे मध्यरात्रीचा मिस्सा चुकला, आणि त्या जेवायला बसल्या तेव्हा बाकीच्यांचं आवरून झालं होतं. त्यानंतर हा कागद आला.

कागदावरच्या पदार्थांचे तीन गट पडतात.

पहिला गट : मुरल्यावरच चांगलं लागतं ते

यात नंबर एक सोरपोतेल. डुकराचं मटण आणि काळीज आधी उकडायचं, त्याचे अगदी बारीक चौकोनी तुकडे करून परतायचे, आणि व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात शिजवायचे. व्हिनेगर माडाच्या सुरेचं. आम्ही २१ ला केलं. मी वाटी पुढे केली तर आंटी म्हणाल्या, "आज नाही रे बाबा, आज नुसतं आंबट लागेल. पंचवीसला खा."

याचं कारण म्हणजे डिफ्यूजन. मसाला नि आंबटपणा तुकड्याच्या आत हळूहळू शिरतो, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. म्हणून तुकडे बारीक, आणि म्हणूनच तीन-चार दिवसांची वाट. शिवाय आम्लात बॅक्टेरियांची वाढ मंदावते. घरात फ्रीज नव्हते तेव्हा लोक हे भांडं रोज उकळून ठेवायचे. विंदालूचंही हेच. हे नाव 'वाईन आणि लसूण' अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आलं, 'आलू'शी त्याचा काही संबंध नाही. मेसवाल्या काकांनी कृपया नोंद घ्यावी!

दुसरा गट : टिकतं ते

दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. हे मिश्रण तासन् तास ढवळत आटवायचं. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. पाणी आटतं, उरलेलं साखर धरून ठेवते, बॅक्टेरियांना प्यायला काही शिल्लक राहत नाही! बिबिंकही असंच आधी होतं. एक थर वरच्या आचेवर भाजून झाला की त्यावर पुढचा ओतायचा. आम्ही सात थर केले, अख्खी दुपार गेली. केकच्या मनुका तर नोव्हेंबरपासूनच रममध्ये पोहत होत्या.

तिसरा गट : आयत्या वेळचं

पुलावला फ्लोट शून्य. शिजवलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. (खाटेखाली रात्रभर पार्सलचा फ्राइड राईस ठेवणाऱ्यांनो, ऐकताय ना?) कच्च्या अंड्याचं मेयोनीज घातलेलं सॅलडही त्याच दिवशी. सान्नांचं पीठ आदल्या दिवशी वाटून आंबवायचं, वाफवायचं मात्र आयत्या वेळी.

माझी एक चूक सांगतो. सोरपोतेलचं गरम पातेलं मी तसंच फ्रीजमध्ये ढकलायला निघालो होतो. आंटींनी हात धरला. एवढं मोठं पातेलं मधोमध कित्येक तास कोमट राहतं, आणि ५ ते ६० डिग्री सेल्सिअसमध्येच बॅक्टेरिया झपाट्यानं वाढतात. म्हणून पसरट भांड्यांत काढायचं आणि वाफ गेली की, दोन तासांच्या आत, फ्रीजमध्ये ठेवायचं. काढताना लागेल तेवढंच काढून खळखळून उकळायचं.

२४ ला रात्री नऊला किचन खरंच बंद झालं. मिस्साला आंटी नवीन ड्रेस घालून आमच्या पुढच्याच बाकावर होत्या. २५ ला दुपारी त्या सगळ्यांबरोबर बसल्या, पुलाव मी वाढला. रूममेटनं फोटो काढून लगेच अंकलना बोटीवर पाठवला.

परतीच्या गाडीत मला आई आठवली. दिवाळीचा फराळ ती आठवडाभर आधी डब्यात भरते, पण पाडव्याला आम्ही जेवत असतो तेव्हा ती पुऱ्याच तळत असते. आमच्याही घरच्या फोटोत ती नसते, आणि हे मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. घरी गेल्यावर मी फ्रीजवर चिकटवायला एक कागद तयार केला. पुऱ्यांसमोर माझं नाव लिहिलं.

आईनं वाचला आणि म्हणाली, "छान आहे. आधी तुझी जर्नल्स अशी वेळेवर पूर्ण कर."